‘मला भीतीच वाटली नाही’ म्हणण्याआधी सांगा, चित्रपट कशावर ऐकलात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्रांनी गेल्या काही महिन्यांत ‘तुंबाड’, ‘मुंज्या’, मल्याळम ‘भ्रमयुगम्’ आणि हॉलिवूडचा ‘वेपन्स’ हे चित्रपट पाहिले. कुणी थिएटरात, कुणी घरी टीव्हीवर, तर एकाने एसटीच्या रात्रीच्या प्रवासात मोबाइलवर. आता त्यांच्यात जुंपली आहे. एकाचं म्हणणं, ‘तुंबाड’मध्ये एकदाही दचकायला झालं नाही, मग तो भयपट कसला? दुसऱ्याला ‘मुंज्या’ पोरकट वाटला. तिसऱ्याला ‘भ्रमयुगम्’ पाहताना झोप लागली. चौथ्याला सगळेच आवडले, त्यामुळे त्याचं कुणी ऐकत नाही. तुम्ही चित्रपटांच्या ध्वनीवर काम करता, तर भयपट जमला की नाही हे तुम्ही कसं ओळखता आणि या चित्रपटांबद्दल तुमचं मत काय, असं विचारलंय.

मत सांगतेच, मला त्याची हौस आहे. पण त्याआधी या भांडणात कुणीच न विचारलेली एक गोष्ट विचारते. तुम्ही चौघांनी एकच चित्रपट पाहिलाय का? पडद्यावरचं चित्र जवळपास तेच होतं, हे मान्य. आवाज मात्र चौघांनी चार वेगळे ऐकले, आणि भयपटात निम्म्याहून जास्त काम आवाज करतो. खात्री करायची असेल तर कुठल्याही भयपटातला सगळ्यात भीतीदायक प्रसंग आवाज बंद करून बघा. बहुतेक वेळा एक बाई अंधाऱ्या बोळातून हळूहळू चाललेली दिसेल, बाकी काही नाही.

आधी दचकण्याचं बघू. अचानक मोठा आवाज झाला की पापणी मिटते, खांदे वर जातात. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापणी हललेली असते. एवढ्या वेळात माणूस काही ठरवू शकत नाही, त्यामुळे या दचकण्याला तुमच्या आवडीनिवडीशी काही देणंघेणं नसतं. मागे कुणी स्टीलचं ताट आपटलं तरी तुम्ही दचकाल, म्हणून ताट आपटणाऱ्याला कुणी दिग्दर्शक म्हणत नाही. ‘किती वेळा दचकलो’ या हिशोबाने भयपटाला गुण देणं मला म्हणूनच पटत नाही.

तरी दचकवण्यातही कसब असतं, आणि ते मोठ्या आवाजाच्या आधीच्या वेळात असतं. १९४२ चा ‘कॅट पीपल’ हे याचं जुनं आणि अजूनही उत्तम उदाहरण. रात्री एक तरुणी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या भिंतीलगत चालली आहे. तिच्या बुटांचा आवाज येतो, मागून दुसऱ्या बुटांचा. थोड्या वेळाने मागचे आवाज थांबतात. ती वळून बघते, कुणीच नाही. ती पळत सुटते, आणि त्या शांततेत एका श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज फुटतो. ती असते बस, ब्रेक लावून तिच्यासमोर उभी राहिलेली. संकलक होते मार्क रॉबसन. निर्माते व्हॅल लुटन यांच्या नावावरून हॉलिवूडची मंडळी अशा फसव्या धक्क्याला आजही ‘लुटन बस’ म्हणतात. या प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. प्रेक्षकाच्या कानाला धरायला फक्त पावलं दिली होती, आणि मग तीही काढून घेतली. घाबरवलं त्या काढून घेण्याने.

आम्हीही तेच करतो, फक्त जास्त थर घेऊन. समजा एका खोलीत रात्रीचा प्रसंग आहे. पंख्याची घरघर, बाहेरचे रातकिडे, लांबचा हायवे, फ्रिज. हे सगळं तुम्ही ऐकताय, पण ऐकतोय असं तुम्हाला जाणवत नाही. धक्क्याच्या आधीच्या काही सेकंदांत यातला एकेक थर इतक्या सावकाश खाली आणायचा की प्रेक्षकाला काय कमी झालं ते कळू नये. तो नकळत पुढे वाकतो, कान टवकारतो. त्यानंतर आलेला आवाज फार मोठा असावाच लागत नाही. मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या टेबलावर दिग्दर्शक ‘अजून वाढव, अजून वाढव’ म्हणत असतो तेव्हा बऱ्याचदा उपाय आधीचे आवाज कमी करण्यात असतो, आणि ते त्याला पटवण्यात अर्धी दुपार जाते.

आता तुमच्या थिएटराकडे येते. चित्रपटाचं मिक्सिंग होतं त्या खोलीत आवाजाची पातळी ठरलेली असते. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण, ७ वर आणि पडद्यामागच्या प्रत्येक चॅनलला ८५ डेसिबल, हे जगभरचं माप. थिएटरात मात्र प्रेक्षकांच्या तक्रारींमुळे तो फेडर बऱ्याचदा ५ च्या आसपास आणलेला असतो. त्यात बारीक आवाजांचा बळी जातो. श्वास, पायाखालची वाळू, दाराची बिजागरी, हे सगळं एसीच्या घरघरीत आणि पॉपकॉर्नच्या कुरकुरीत बुडतं. धडाम्‌ मात्र टिकून राहतं. परिणामी हळुवार भयपट थिएटरात फिका पडतो, आदळआपटवाला तरतो, आणि पुढच्या वेळी निर्माता म्हणतो, आपल्याला धडाम्‌च पाहिजे. भयपट दिवसेंदिवस कर्कश का होत चाललेत याची ही एक साधी, तांत्रिक बाजू आहे. चित्रपटावर लिहिणारी मंडळी ती कधी विचारात घेत नाहीत.

घरी तर आणखी मजा. डोक्यावर पंखा तीनवर, शेजारी कुकरची शिट्टी, आणि टीव्हीच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसवलेले दोन छोटे स्पीकर. ५.१ चा, म्हणजे पाच बाजूंचे पाच आणि खर्जाचं एक अशा सहा चॅनलांचा ध्वनी जेव्हा दोन स्पीकरांत उतरवला जातो, तेव्हा खर्जासाठी ठेवलेलं ते ‘.१’ चॅनल बहुतेक वेळा चक्क सोडून दिलं जातं. म्हणजे पोटात गोळा आणणारी जी गुरगुर आम्ही तिथे ठेवली, ती तुमच्यापर्यंत आलीच नाही. त्यात टीव्हीमधला ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल तर तो बारीक आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो. आम्ही जो चढउतार रचला, तो तुमचा टीव्ही सपाट करून देतो. हे सेटिंग भयपटापुरतं तरी बंद करा. चांगले हेडफोन असतील तर ते टीव्हीच्या स्पीकरपेक्षा केव्हाही बरे. एसटीवाल्या मित्राच्या मताबद्दल मी काही बोलत नाही.

हे सगळं ‘तुंबाड’ला सगळ्यात जास्त लागू होतं. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि मग मोठ्या पडद्यावर पाहायला गेले. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं, मुळाशी नारायण धारपांची कथा, चित्रीकरण सासवडच्या वाड्यात, बोलणं हिंदीत. मराठी प्रेक्षकाला तो आपला वाटतो याचं कारण त्या वाड्यात आणि त्या पावसात आहे.

पाऊस दिसायला सुंदर, पण मिक्सिंग करणाऱ्यासाठी डोकेदुखी. जाड-बारीक सगळ्या कंप्रतांचा (फ्रिक्वेन्सींचा) तो एकसंध गोंगाट असतो, त्यामुळे संवाद झाकतो, पावलं झाकतो, श्वास झाकतो. म्हणून पाऊस एकच नसावा लागतो. कौलांवरचा वेगळा, पागोळ्यांचा वेगळा, पन्हळीतून दगडी चौकात पडणारा वेगळा, अळूच्या पानांवरचा आणखी वेगळा. हे वेगळे पाऊस कळले तर प्रेक्षकाला न सांगता समजतं की आपण पडवीत आहोत, माजघरात की परसात. ‘तुंबाड’मध्ये पाऊस थांबतच नाही. बाहेर पडायची वाट बंद आहे, हे तोच आपल्याला सतत सांगत राहतो. वाड्याच्या पोटात, त्या लाल गर्भात उतरल्यावर पाऊस वर राहतो. तिथे आपल्याला भीती वाटते ती हस्तर, म्हणजे तिथे राहणारा सोन्याचा लोभी देव, दिसायच्या आधीच, कारण इतका वेळ सोबत असलेला आवाज तुटलेला असतो.

आणि साखळीने बांधलेली ती म्हातारी आठवा. तिला झोपवायला पोराच्या, म्हणजे लहानग्या विनायकच्या हातात शस्त्र काय, तर एक नाव. ‘हस्तर’. ऐन वेळी ते नाव आठवेना, याच्याइतकी भीती कुठल्याच कृत्रिम राक्षसाने दिली नसती. त्या म्हातारीची भूमिका मोहम्मद समद या मुलाने केली आहे, त्यानेच पुढे विनायकच्या मुलाचीही. हे कळल्यावर चित्रपट पुन्हा बघा, शहारा येतो. तुमचा मित्र दचकला नाही हे बरोबरच आहे, त्या चित्रपटाला दचकवायचंच नाहीये. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत हाव बापाकडून मुलाकडे कशी जाते, हे तो दाखवतो. हस्तरच्या लंगोटीतली सोन्याची नाणी घेऊन वर येणारा विनायक मला हस्तरपेक्षा भयंकर वाटतो. दोष? शेवटाकडे कृत्रिम प्राण्यांची गर्दी होते आणि तिथे माझी भीती थोडी उतरते. एकटा हस्तर मला पुरला असता.

‘मुंज्या’कडे जरा वेगळ्या नजरेने बघायला हवं. आदित्य सरपोतदारांनी याआधी ‘झोंबिवली’ केला होता, त्यामुळे विनोद आणि भूत एका ताटात वाढणं त्यांना नवीन नाही. जून २०२४ मध्ये आलेल्या या चित्रपटाने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, आणि तो बघायला आलेल्यांत शाळकरी मुलं भरपूर होती. मग पोरकट म्हणून कसं चालेल? मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मेला तो मुंजा, पिंपळावर राहतो, ही समजूत ज्यांच्या घरात होती त्यांना त्या सुरुवातीच्या १९५२ च्या भागाने नक्की गार केलं असेल. माझ्या मते चित्रपटाचा सगळ्यात कसदार भाग तोच. पुढे संगणकाने घडवलेला मुंज्या फार दिसतो, फार बोलतो. जे सतत समोर आहे त्याला कोण घाबरणार? ‘स्त्री २’चंही तेच झालं, हसायला मोकळीक इतकी मिळाली की भीती परत आलीच नाही.

पण ‘मुंज्या’त एक गोष्ट अस्सल आपली आहे, आणि त्यासाठी मी त्याच्या बाजूने भांडेन. आपल्याकडच्या भुताला नाव असतं, झाड असतं, आणि मागणं असतं. कोकणात गाऱ्हाणं घालतात ते देवालाही आणि राखणदार देवचारालाही. त्याला काय पाहिजे ते विचारायचं, शक्य ते द्यायचं, बाकीची बोलणी करायची. ‘कॉन्ज्युरिंग’सारख्या चित्रपटांत सैतानाला हाकलायचं असतं, तिथे तडजोड नाही. धर्मगुरू, क्रूस, किंकाळ्या, संपलं. मी ते मोठ्या पडद्यावर बघते, कारण त्यांचं ध्वनिकाम बहुधा चोख असतं, आणि घरी येताना विसरूनही जाते. मुंज्याला लग्न करायचंय. हट्टी, अर्धवट राहिलेलं पोर आहे ते. त्याची कीव येते, आणि कीव आली की भीती जास्त दिवस टिकते.

इथे एक कुरकुर करून घेते. आपल्याकडच्या भयपटांत रात्र दाखवायची म्हटलं की विकतच्या ध्वनिसंग्रहातून लांडग्याची आरोळी आणि लून नावाच्या पक्ष्याची किंकाळी येते. लून राहतो उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवर. आपला लांडगा आहे तो सोलापूर, नगर, पुण्याकडच्या माळरानावर. कोकणातल्या आमराईत रात्री कोल्हेकुई ऐकू येईल, पिंगळ्याची किचकिच येईल, टिटवी ओरडेल. टिटवीला गावात अजूनही अपशकुनी मानतात, म्हणजे भीती तयारच आहे, फुकटात आहे. तरी संकलनाच्या वेळी तात्पुरते म्हणून टाकलेले परदेशी आवाज शेवटपर्यंत राहतात, कारण सगळ्यांच्या कानाला त्यांची सवय होते.

म्हणूनच तुमच्या यादीत नसलेला एक मराठी चित्रपट सुचवते, विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). पूजा सावंत, उषा नाईक, आणि सगळीकडे ऊस. उसाच्या फडात चालताना सुकलेल्या पाचटाचा जो कोरडा, धारदार आवाज होतो, तो ज्याने एकदा ऐकलाय त्याला दुसरं काही दाखवायची गरज नाही. फडात दोन हातांपलीकडचं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आणि मुलं लपाछपी खेळतायत. कुणीतरी पळतंय, पण कुठल्या बाजूने? दिवसाढवळ्या घाबरवणारे चित्रपट थोडे, हा त्यातला एक. मुळात स्त्रीभ्रूणहत्येची गोष्ट आहे, त्यामुळे उषा नाईक यांच्या प्रेमळ आवाजातला थंडपणा भुतापेक्षा जास्त बोचतो. फुरियांनीच २०२१ मध्ये तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. तो जास्त गुळगुळीत आहे. मला मूळचा खडबडीत बरा वाटतो. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र हा चित्रपट लावू नका, हे गंभीरपणे सांगते.

झोप लागलेल्या मित्राबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. राहुल सदाशिवन यांचा ‘भ्रमयुगम्’ (२०२४) कृष्णधवल आहे, संथ आहे, पात्रं मोजकी. सतराव्या शतकातल्या मलबारमध्ये जीव वाचवून पळालेला एक गायक पडक्या घरात आश्रयाला येतो, घरमालक असतो मम्मूट्टी. तो पाहुण्याला फाशांचा डाव खेळायला बसवतो आणि पणाला काय लावायला लावतो, तर त्याच्या आयुष्यातला वेळ. एवढंच. बाकी पाऊस, अंधार आणि मम्मूट्टींचा आवाज. हा माणूस ओरडत नाही. थांबून, चवीने बोलतो, आणि त्याच्या दोन वाक्यांच्या मधला विराम हाच त्या चित्रपटातला सगळ्यात मोठा धक्का असतो. आता सांगा, मित्राने डब केलेला पाहिला ना? डबिंग होतं आवाज शोषणाऱ्या छोट्या खोलीत, माइक तोंडाशी धरून. त्या आवाजाला मग पडक्या वाड्याची घुमण परत द्यावी लागते, प्रत्येक खोलीची वेगळी. घाईच्या डबिंगमध्ये हे होत नाही, आणि पात्र तिथे उभं असूनही आवाज तिथला वाटत नाही. जो चित्रपट एका आवाजावर उभा आहे त्याचा आवाजच बदलला तर झोप येणारच. मूळ मल्याळम, खाली उपशीर्षकं, अंधार, हेडफोन. मग पुन्हा भांडा.

‘वेपन्स’बद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो माहिती न घेता बघण्यात मजा आहे. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एकाच वर्गातली १७ मुलं हात पसरून घरांतून पळत अंधारात निघून जातात, एवढं तर झलकेतच आहे. दिग्दर्शक झॅक क्रेगर यांनी त्या पळण्यावर जॉर्ज हॅरिसनचं १९७० चं शांत गाणं ठेवलंय. दुसऱ्या कुणी तिथे व्हायोलिनं किंचाळवली असती. गाणं मऊ आहे, मुलं पळतायत, आणि हे दोन्ही एकमेकांना जुळत नाही, त्या न जुळण्यातून जी अस्वस्थता येते ती बराच काळ राहते. अर्थात किंचाळणारी व्हायोलिनं वाईट असं मुळीच नाही. ‘सायको’च्या (१९६०) स्नानगृहातल्या प्रसंगाला संगीत नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही फक्त तंतुवाद्यांवर ते लिहिलं, आणि हिचकॉकने मत बदललं. सुरीचे वार म्हणून जे ऐकू येतं ते खरबुजात खुपसलेल्या सुरीचे आवाज आहेत. आमच्या धंद्यातली निम्मी हिंसा भाजीवालीकडून येते.

‘आमच्या वेळचे भयपट जास्त भीतीदायक होते’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात, त्यावरही थोडं सांगते. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’च्या (१९८४) काळातले बहुतेक हिंदी भयपट मोनो होते, म्हणजे सगळा आवाज पडद्याच्या मागून, समोरून यायचा. भूत समोर, आपण समोर, मामला सरळ. राम गोपाल वर्मांचा ‘भूत’ २००३ मध्ये आला तोपर्यंत थिएटरांत आवाज चहूबाजूंनी यायला लागला होता. गाण्यांना चित्रपटात जागा नाही, गोष्ट घडते मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, आणि लिफ्टचा साधा आवाजही मानेच्या मागून येतो. बऱ्याच लोकांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात वळून मागे पाहिलं. त्या आठवणी बहुतेक खऱ्या असतात, फक्त टीव्हीवर तो चित्रपट आज पाहिला तर त्यातलं मागचं काहीच मिळत नाही.

तेव्हा तुम्ही चौघं मत देताना ‘भारी’ किंवा ‘फालतू’ एवढ्यावर थांबू नका. कुठे पाहिला, किती वाजता पाहिला, एकटे होतात की घोळक्यात, मूळ भाषेत की डब, हे सांगा. घोळक्यात पाहिलेला भयपट निम्मा विनोदी होतो, कारण घाबरलेला माणूस लगेच हसून घेतो. मग सांगा, भीती कुठे वाटली, आणि दुसऱ्या दिवशी काय आठवलं. शेवट फोडू नका. रक्तपात किती आहे ते आधीच सांगा, काहींना भूत चालतं पण सुरी चालत नाही. ‘तुंबाड’ला प्रौढांचं प्रमाणपत्र आहे, ‘मुंज्या’ मुलांसोबत पाहता येतो. ही माहिती एखाद्या घरासाठी तुमच्या चार ताऱ्यांपेक्षा उपयोगाची असते.

आणि एक प्रयोग करून बघा, चौघांनी मिळून. ‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) लावा. त्यात कर्णबधिर मुलीची भूमिका मिलिसेंट सिमंड्सने केली आहे, जी स्वतःही कर्णबधिर आहे. चित्रपट तिच्या बाजूने दाखवतो आणि तिचं श्रवणयंत्र बंद असतं तेव्हा आवाज पार शून्यावर जातो. पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत, खायला वेफर्स नकोत. पॉपकॉर्नही नको. केळी चालतील.